भाऊजींची निळी बॅग

वर्धा जिल्ह्यातून कुठल्याही दिशेनं निघालात तरी समुद्र गाठायला अख्खा दिवस मोडतो. तरीही समुद्राच्या पोटात शिरल्यावर माणसाच्या अंगावरचं काय काय तुटू, फाटू, निसटू किंवा गळू शकतं, याची खडान्‌खडा माहिती असलेला अखिल महाराष्ट्रातला एकमेव गृहस्थ सेलूला राहतो आणि तो माझा साडू आहे, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजी म्हणतो, आणि मी वर्ध्याच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. सेलूच्या बाजाराजवळ त्यांचं शेतीच्या पंपांचं दुकान आहे. विहिरीत मोटार सोडायची, बंद पडली की वर काढायची, वायसर बदलायचा, पुन्हा सोडायची, यात त्यांची तीस वर्षं गेली. पन्नाशीला टेकल्यावर एका दुपारी त्यांनी जाहीर केलं, की आपण पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायला शिकणार आहोत. ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, समजूत घालायला मला बोलावून घेतलं. मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "तीस वर्सं लोकाइच्या मोटारी पाण्यात सोडल्या, मास्तर. खाली काय हाये ते मोटारीले मालूम, मले नाई. एकदा मले बी पाहू द्या ना." ते नागपूरला जाऊन रीतसर शिकले, परीक्षा पास झाले, आणि तिथं जमलेल्या पाचसहा जणांबरोबर दर जानेवारीत मालवणला जाऊ लागले.

पण खरी गंमत जानेवारीत नसते, डिसेंबरात असते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी भाऊजींच्या बैठकीत वड्या-पापडाची चादर अंथरली जाते आणि तिच्यावर निळ्या बॅगेतलं सामान मांडलं जातं. रबरी रिंगा ताईंच्या जुन्या बांगड्यांच्या स्टँडवर मापाप्रमाणे ओवलेल्या. रिंगांना चोळायचं वंगण कुंकवाच्या करंड्यात. चष्म्याचे पट्टे, पायांच्या पंखांचे पट्टे, चिमटे, पाने, छोटी पक्कड, गळती शोधायला साबणाच्या पाण्याची बाटली आणि तोंडात धरून हवा ओढायचे रबरी माउथपीस, तेही लोणच्याच्या बरणीत, कारण बरणीचं झाकण घट्ट असतं. प्रत्येक वस्तू तीन नग. का, असं मी एकदा विचारलं होतं. "एक लागते, एक पाण्यात पडते, एक कोणाले तरी द्याच लागते," असा हिशेब मिळाला. मग डोळे मिटून ते एकेक वस्तू बॅगेतून हातानं ओळखून काढतात, कारण बोट हलते तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो. झाकणाच्या आतल्या बाजूला जांभळ्या स्केचपेननं लिहिलेली यादी चिकटवलेली, आणि ती मी मोठ्यानं वाचायची, हे माझं काम. दहा वर्षं दर डिसेंबरात मी चिवडा खात खात ती यादी वाचली आहे. "डावीकडचा तिसरा कप्पा, माउथपीस, नग तीन. त्याच कप्प्यात प्लास्टिकच्या बांधपट्ट्या, नग तीस." तीस का, हे विचारायची सोय नव्हती.

लोक नवी मोटारसायकल घेतली की केळझरला गणपतीपुढे उभी करतात. भाऊजी दर वर्षी बॅग उभी करतात. पुजारीबुवांना पहिल्या वर्षी वाटलं, आत बाळाचे कपडे आहेत. आता तेच चौकशी करतात, रिंगा बदलल्या का म्हणून. बॅगेच्या चेनीला लागलेला शेंदूर मालवणच्या खाऱ्या पाण्यानंही गेला नाही, यावर भाऊजींची श्रद्धा आणि अभिमान दोन्ही आहेत. एकदा स्टेशनवर तपासणीच्या मशिनीत ही बॅग अडली. आत इतके पाने, नळ्या आणि सुऱ्या दिसल्यावर कुठलाही जवान अडवणारच. त्यानं विचारलं, "ये सब क्या है, काका?" भाऊजींनी फलाटावर चादर अंथरली आणि पहिल्या कप्प्यापासून सांगायला सुरुवात केली. गाडी यायला अवकाश होता म्हणून बरं. चौथ्या कप्प्यापर्यंत पोचता पोचता त्यांच्या ध्यानात आलं, की जवानाच्या टॉर्चमध्ये पाणी शिरलंय. त्यांनी ती उघडली, पुसली, नवी रिंग घातली, आणि तो जवान बॅग स्वतः उचलून डब्यापर्यंत आला. हा माणूस जाईल तिथं काहीतरी बिघडलेलं असतंच, किंवा काहीतरी बिघडलेलं असतं तिथंच हा माणूस जातो. नक्की काय ते मला आजवर कळलेलं नाही.

मला वाटायचं, एवढी तयारी करणारा माणूस समुद्राचा तळ सेलूच्या बाजारासारखा पाठ करून बसला असेल. ही समजूत ताईंनी गेल्या डिसेंबरात मोडली. भाऊजी वंगण आणायला दुकानात गेलेले, तेवढ्यात त्या मला म्हणाल्या, "मास्तर, यंदा तुमी संग जाजा. नऊ वर्सात हे चार खेपा खाली गेले. चार." मला आधी पटेना. मग त्यांनी वर्षवार सांगितलं. एका वर्षी कुणाच्या तरी पंखाचा पट्टा तुटला, एका वर्षी बोटीचं इंजिन रुसलं, एका वर्षी शेजारच्या बोटीवाल्यानं हाक मारली. प्रत्येक वेळी सगळे खाली आणि हे वर, मांडीवर बॅग उघडून. "आन घरी येऊन सांगते का मजा आली. त्याइले मजा येते बी, खोटं नाई. पण डॉक्टरनं सांगतलं ना आता." ओळखीच्या डॉक्टरांनी भाऊजींचा रक्तदाब पाहून समुद्रात उतरायला लागणाऱ्या त्या वर्षीच्या कागदावर कशीबशी सही केली होती आणि बजावलं होतं, की पुढच्या वर्षी हा कागद घेऊन माझ्याकडे यायचं नाही. म्हणजे ही शेवटची खेप. ताई खाली बघत म्हणाल्या, "यंदा त्याइले खाली पाठवजा. कसं बी."

म्हणून मी गेलो. आयुष्यभर समुद्र फळ्यावर निळ्या खडूनं रंगवलेला मी, पोहता येत नाही, शिवाय मला बोट लागते. पहिले दोन दिवस वारा होता, बोट सुटलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सुटली. बोटवाल्यानं आधीच सांगितलं, "अर्ध्या तासान पाणी गढूळ होतला, मगे जावक गावचा नाय." मग खाली जाता येणार नाही म्हणे, आणि दुपारी आमची परतीची गाडी होती. जे काही व्हायचं ते या अर्ध्या तासात. गटातले बाकीचे एकेक करून पाण्यात उतरले, भाऊजींच्या पाठीवर टाकी चढली, कपाळावर चष्मा आला, ते बोटीच्या काठावर बसले, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या गटातल्या बँकेत नोकरी करणाऱ्या बाईंनी तोंडातली नळी काढून दाखवली. माउथपीस दातांखाली चिरून लोंबत होता. भाऊजींचा चेहरा उजळला. मी खोटं सांगत नाही, उजळला. टाकी पाठीवर असतानाच त्यांचा हात बॅगेकडे निघाला.

मी बॅगेवर जाऊन बसलो.

"मास्तर, उठा."

"नाही उठणार."

"काऊन? त्या बाईचं काम अडून राह्यलं ना."

"तुम्ही खाली जा. मी करतो."

एखादा शेतकरी मोटारीच्या वायरी मीच जोडतो म्हणाल्यावर ते जसं पाहत असतील, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोटवाला घड्याळ दाखवू लागला. "तुमाले जमन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "डावीकडचा तिसरा कप्पा, माउथपीस, नग तीन. त्याच कप्प्यात बांधपट्ट्या, नग तीस." भाऊजींनी चष्मा डोळ्यांवर ओढला, नळी तोंडात धरली आणि पाठीमागे कलंडून पाण्यात गेले. मी डोळे मिटून बॅगेत हात घातला, कारण उघडे ठेवले असते तर पोटातलं सगळं बाहेर आलं असतं. नवा माउथपीस नळीवर आवळताना तीन बांधपट्ट्या माझ्या हातून वाया गेल्या, चौथी बसली, तीस का ते तेव्हा कळलं. बाईंनी हवा ओढून पाहिली, मान डोलावली आणि खाली नेणाऱ्या वाटाड्याबरोबर त्याही पाण्यात गेल्या. मग बोटीवर मी, बोटवाला आणि उघडी बॅग एवढेच उरलो. भाऊजींनी पाच वर्षं असंच बसून काढली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मला फार वाईट वाटलं.

पंचवीसेक मिनिटांनी ते वर आले. टाकी उतरवली, पाणी प्यायले. मागून आलेल्या बाईंची नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "पट्टीची गाठ गालाकडं गेली," ते म्हणाले. "टोचन. बाहेर पाह्यजे होती. बाकी चांगलं हाये." किनारा जवळ येईपर्यंत ते बॅगेतलं सामान कप्प्यांत लावत बसले. शेवटी मीच विचारलं, "भाऊजी, खाली काय होतं?" त्यांनी चष्म्याचा ओला पट्टा गुंडाळला. डोळे लाल झाले होते, आणि ते खाऱ्या पाण्यानंच, असं मी धरून चाललो. "काय सांगू, मास्तर. मासे होते, सारं होतं. पण आवाजच नाई. मोटारीचा बी नाई, माणसाचा बी नाई. कोनी मले बोलावून नाई राह्यलं."

या डिसेंबरात पहिल्या रविवारी ते स्कूटरवर निळी बॅग घेऊन वर्ध्याला माझ्या घरी आले. बँकेतल्या बाईंचा फोन आला होता म्हणे, बॅगेशिवाय गट निघायला तयार नाही. मी म्हटलं, तुम्ही चला, डॉक्टरांनी बोटीवर बसायला कुठं मनाई केलीय. त्यांनी मान हलवली. "बोटीवर बसलो तं मले राहवणार नाई. तुमी जाजा. तुमाले तं पोहताच येत नाई, तुमी वरच बसान." आमच्या बैठकीत चादर अंथरली गेली. या वेळी मांडायचं काम माझं आणि चिवडा त्यांचा. माझ्या हातून पाने उलटे लागले तेव्हा त्यांनी घास तोंडात तसाच धरून ठेवला. मग यादी वाचायला मी झाकण उघडलं. सगळं ओळखीचंच होतं, रिंगा, पट्टे, माउथपीस नग तीन. फक्त सगळ्यात खाली जांभळ्या स्केचपेननं एक नवी ओळ लिहिलेली होती. "मास्तर, नग एक. जास्तीचा मिळत नाही, सांभाळून नेणे."

ती ओळ मी मोठ्यानं वाचली नाही. त्यांनीही वाचायला सांगितली नाही. बशीतला चिवडा संपला होता, मी आत जाऊन आणखी घेऊन आलो.