जाळीदार केक

देवानं पृथ्वी करताना माझ्या धाकट्या नणंदेला शास्त्र विचारून घेतलं असावं, इतकं ते तिला पाठ. टेंभुर्णीच्या तिच्या घरी नवा मिक्सर आला, तर आधी त्याला हळद-कुंकू आणि पहिलं वाटण खोबऱ्याचं. पहिल्यांदा मिरची वाटली की म्हणे घरात भांडणं होतात. भांडणं तरीही झाली, कारण घरात ती होती. मी हसू नये खरं तर. आमच्याकडं पहिला फ्रिज आला तेव्हा मी शहाणीनं त्यात ओले पापड वाळत घातले होते. पण हसायला अक्कल लागते असं कुठं आहे?

मागच्या धोंड्याच्या महिन्यात तिचे जावई जेवायला आले आणि अनारसा चावताना म्हणाले, "दात पडतील, मामी." ही म्हणाली, "तुमचे कच्चेच दिसतात. डॉक्टरला दाखवा." जावई भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून बायकोला माहेरी सोडायचं ते स्टँडपर्यंतच. हिचा उंबरा काही चढले नाहीत. यंदा धोंडा ऐन उन्हाळ्यात आला, आणि लेकीनं मिनतवारीनं त्यांना जेवायला तयार केलं. नणंदेचा मला फोन. "वैनी, औंदा दातच लागू देत न्हाई. आईस्क्रीमचा केक करून राह्यले."

मी मदतीला गेले, तर खरंच केला होता. खाली बिस्किटांचा चुरा, वर आटीव दुधाचं आईस्क्रीम, मग तुतीचा थर, पुन्हा आईस्क्रीम. तुती रेशमाच्या अळ्यांसाठी लावलेली. तिची फळं आजवर पाखरंच खायची. केक असा जमला की मला मेलीला मत्सर वाटला. जावई पाय धुऊन पाटावर बसले आणि नेमकं तेव्हाच हिला शास्त्र आठवलं.

"वैनी, धोंड्याचं वाण जाळीदार लागतं. ह्याला जाळी कुठंय?"

"अगं, ते अनारशाला. हा बर्फ आहे."

"शास्त्राला बर्फ कळत न्हाई."

तिनं स्वेटरची सुई घेतली. सुई आत जाईना, म्हणून गॅसवर तापवली. जाळी मात्र बराबर पडली. तिच्यातून केक वितळून निघून गेला.

शेवटी जावयांसमोर वाटीभर जांभळं दूध गेलं. लेकीनं मान खाली घातली. मी ओठ दाबून भांडणाची वाट पाहत उभी. जावयांनी वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. मिशा जांभळ्या.

"मामी, अजून आहे का?"

निघताना ते बायकोला म्हणाले, "चार दिवस राहा. मी न्यायला येतो."

"स्टँडवर?"

"घरी."

नणंद मोरीत जाऊन केकचं पातेलं घासायला बसली. ते केव्हाच लख्ख झालं होतं. तरी घासतच होती, आणि मलाही तिला हाक मारवेना.