नैरोबी ते दार-ए-सलाम, दीड तास

चांदवडजवळच्या एका वस्तीवरची शाळा, पट कमी म्हणून, हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत घालायचं चाललं होतं. म्हणजे पहिली-दुसरीतल्या पोरांनी रोज मुंबई-आग्रा रस्ता ओलांडायचा. कागदावर याला समायोजन म्हणतात.

मी नाशिकहून तीन महिने तिथे खेटे घालत होते. ग्रामसभेत विरोधाचा ठराव हवा होता, आणि लोक हलावेत म्हणून हवा होता माझा जुना मित्र. याच शाळेत शिकलेला, आता नैरोबीत इंजिनियर, कॉलेजपासूनचा माझा सोबती. पत्रक लिहायला मला त्यानंच शिकवलं. "मोजल्याशिवाय आकडा छापायचा नाही. एक चुकला की उरलेलं सगळं खोटं," असं म्हणत माझ्या कागदांवर लाल रेघा ओढायचा. तो पडद्यावरून बोलणार, हे मी पत्रकात ठळक छापलं होतं.

सभेच्या सकाळी त्याचा मेसेज. 'सॉरी, आज जमणार नाही. अचानक दार-ए-सलामला निघालोय. अख्खा दिवस विमानात.'

चांदवडच्या स्टँडवर चहा हातात होता. सवयीनं फोनवर अंतर बघितलं. सरळ रेषेत पावणेसातशे किलोमीटरच्या आत, म्हणजे आपल्या नाशिकहून रेल्वेनं नागपूर गाठावं तेवढं. विमानाला जेमतेम दीड तास.

फोन लावला. लगेच उचलला.

"विमानात रेंज छान आहे रे."

तो कसनुसं हसला.

"दीड तासाचं विमान. बाकीचा दिवस कुठे घालवणार?"

"तू तपासलंस?"

"मग काय, आरती करू?"

"अगं, चेकिंग असतं, तिकडे मीटिंग..."

"विमानात म्हणालास."

मग खरं बाहेर पडलं. शाळेच्या समितीत त्याचे वडील आहेत. महिन्यापूर्वीच त्यांनी समायोजनाच्या कागदावर सही केली होती.

"गावासमोर बापाविरुद्ध बोलू का मी?"

"महिनाभर माहीत होतं तुला? आणि मी तुझं नाव वाटत फिरतेय!"

"सांगितलं असतं तर तू त्यांच्यावर पत्रक काढलं असतंस."

काढलं असतं. तरी सांगायला हवं होतं.

समाजमंदिरात पडदा टांगलेला. त्याचे वडील पहिल्या रांगेत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. सगळे पडद्याकडे बघतायत. मी माईक घेतला. खरं बोलले असते तर सभा त्या सहीवरच भांडत बसली असती, आणि अजून काठावर असलेली चार घरं म्हणाली असती, त्यांनीच सही केलीये तर आपण कशाला वाईट व्हायचं?

"तो विमानात आहे," मी म्हणाले. "दिवसभराचा प्रवास आहे."

मागून एक आजी म्हणाली, "लय लांब हाय का गं ताई ते?"

"हो आजी. लांब आहे."

मग मीच बोलले, घसा फुटेपर्यंत. ठराव हात वर करून मंजूर झाला. त्याच्या वडिलांनी हात वर केला नाही, मान मात्र खाली घातली. ठराव तालुक्याला गेलाय. उत्तर येईपर्यंत शाळा भरतेय, पोरं रस्त्याच्या अलीकडेच आहेत.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. 'सांभाळून घेतलंस. थँक्स.'

त्याच्यासाठी केलं असं त्याला वाटलं, याची चीड जास्त आली. उत्तर दिलं नाही. नव्या पत्रकातून त्याचं नाव काढलंय. 'माजी विद्यार्थी' या शब्दांपुढे कुणाला घालायचं, ते अजून सुचलेलं नाही.