एव्हलिनकाकू आणि खडकातली थडगी

बँकेतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली तेव्हा एव्हलिनच्या लक्षात आलं, की नॉर्थ यॉर्कच्या त्या अपार्टमेंटमध्ये आपलं एकही वाक्य पुरं होत नाही. नवरा, मनाशे, मधेच दुरुस्ती करायचा. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा तो हॉलमधून मोजायचा. म्हणून टोरोंटोतल्या एका छोट्या म्युझियमला व्हॉलंटियर गाइड हवेत म्हटल्यावर तिने लगेच अप्लाय केलं. आठवड्यातून एक दिवस बाहेर, आणि समोर ऐकणारी माणसं.

प्रदर्शन होतं सिसिलीच्या पश्चिम टोकाला अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या एलिमियन लोकांचं. ट्रायल टूरची अट एकच: पाट्यांवर आहे तेवढंच बोलायचं. एव्हलिनने महिनाभर पाट्या पाठ केल्या. मनाशेने तिथेही उच्चार सुधारले.

ट्रायलला टोरोंटोजवळच्या वॉन शहरातल्या एका शाळेचा सहावीचा वर्ग आला. मागे वही घेऊन सुपरवायझर कृतिका, एव्हलिनच्या मुलीच्या वयाची. खडकात कोरलेल्या थडग्याच्या प्रतिकृतीपाशी एव्हलिनने घडाघडा सांगितलं: दार एवढंसं, आत एकाच घरातले बरेचजण, शेजारी वाडगे आणि सुरया. नवं कुणी आलं की जुनी हाडं कडेला सारत.

एका मुलीने नाक मुरडलं. आजीला कोपऱ्यात ढकलून द्यायचे का, असं तिने विचारलं.

पाटीवर याचं उत्तर नव्हतं. मुलांची चुळबुळ सुरू झाली. मग एव्हलिनने त्यांना सांगितलं, की लहानपणी रेवदंड्याला तिच्या घरी अकराजण एकाच खोलीत झोपायचे. मुंबईचे काका आले की आई सगळ्यांना सरकायला सांगायची. सरकवलेल्याला कुणी टाकून दिलेलं नसायचं. घरातच जागा करायची, म्हणून तर सरकायचं.

मग प्रत्येकाला आपल्या घरी कोण कुठे झोपतं ते सांगायचं होतं. एकाची नोना, म्हणजे इटालियन आजी, बेसमेंटमध्ये झोपायची.

मुलं गेल्यावर कृतिका जवळ आली.

"काकू, हे पाटीवर नाहीये."

"माहितीये. नापास कर हवं तर. पण पोरांना खोटं नाही सांगितलं."

"खरं तरी कुठे माहितीये आपल्याला? त्या लोकांना काय वाटत होतं, कोण सांगणार?"

मुद्दा बरोबर होता.

"आधी 'मला वाटतं' म्हणायचं. म्हणाल?"

"म्हणेन."

"मग गुरुवार तुमचा."

पहिल्याच गुरुवारी तिने 'मला वाटतं' इतक्यांदा म्हटलं, की एका मुलाने विचारलं, तुम्हाला नक्की माहिती काय आहे? तिने त्याला मोठ्याने पाटी वाचायला लावली, आणि बाकीच्यांना घेऊन पुढच्या थडग्याकडे निघाली.