मावशीचे मेलेले कांदे

बंदरावरच्या गोदामात मावशी कांदे निवडायला बसली ती लग्नानंतर लगेच, आणि उठली ती गुडघ्यांनी उघड बंड पुकारल्यावर. मधल्या वर्षांत अर्ध्या शहराचा कांदा तिच्या हाताखालून गेला. त्यातला एकही इथल्या मातीतला नव्हता. सगळा जहाजाने यायचा. तिची आई याच गोदामात होती तेव्हा तागाच्या गोण्या यायच्या, पुढे लाल जाळीच्या पिशव्या आल्या. एका देशाचं पीक बुडालं की दुसऱ्याचा कांदा, दुसऱ्याने दार लावलं की तिसऱ्याचा. त्या देशांची नावं बायकांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी आपलीच ठेवली होती. तिखट लाल कांद्याचा तो रडवा देश, मोठ्या गुळमट कांद्याचा गोडबोल्या देश आणि सालीत जोडीजोडीने बसलेले लहान कांदे यायचे तो जुळ्यांचा देश. एका वर्षी तिघांनीही पाठ फिरवली. तेव्हा लोक जेवायला पाहुणे म्हणून जाताना खिशात आपला कांदा घेऊन जात आणि उरलेला अर्धा परत आणत.

मावशीच्या निरोपाच्या दिवशी चहा झाला आणि मुकादमाला भाषणाची हुक्की आली. "आपल्या मातीत दोनच गोष्टी पिकतात," तो म्हणाला, "गवत आणि गप्पा!"

सगळे हसले. मावशीला ते लागलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांना न्हाऊमाखू घालावं आणि आपली कूस रिकामीच, असं काहीसं तिला नेहमी वाटायचं.

"पुढच्या मोसमात याच टेबलावर आपल्या मातीतला कांदा आणून ठेवते," ती म्हणाली.

"इतकी वर्षं हातांनी कांदे निवडलेत मावशी, आता नाकाने सोलायला लागलात?"

"आणला तर?"

"तर कच्चा खाईन. सगळ्यांसमोर!"

शब्द गेला तो गेला. मावशीने फेकायच्या ढिगातले जुळ्यांच्या देशाचे कोंब फुटलेले लहान कांदे पदरात घेतले आणि घर गाठलं. स्वयंपाकघरामागे मोरीचं पाणी जायचं तिथे हातभर रुंदीची जागा होती. नवरा बसचा निवृत्त ड्रायव्हर. कामाला हात नाही, पण सूचनांना खंड नाही. तरीही त्याने जागा खणून दिली.

आणि कोंबांची पात झाली! हिरवीगार, पोकळ, वाऱ्यावर डुलणारी. गोदामातल्या बायका मुद्दाम बघायला आल्या. कांदा वाढतो कसा, हे त्यांच्यापैकी एकीनेही पाहिलं नव्हतं.

"पण मावशी, कांदा लागतो कुठे? शेंड्याला?" एकीने विचारलं.

"लागेल तेव्हा दिसेल," मावशी रुबाबात म्हणाली. तिलाही ठाऊक नव्हतं.

मग एके सकाळी पात पिवळी पडलेली दिसली. मावशीने पाणी वाढवलं, मग तोडलं. पात आणखी पिवळी झाली आणि हळूहळू एकेक करून आडवी पडत गेली. नवऱ्याने बुंध्यांभोवती मातीची भर घातली, काड्यांचे टेकू दिले, दोरे बांधले. वाफा अगदी हाडांच्या दवाखान्यासारखा दिसू लागला. तरी दोन दिवसांत सगळी पात भुईसपाट.

मावशी पायरीवर बसली. गोदामातल्या कांद्यांना तिचे डोळे कधीच निर्ढावले होते, पण त्या दिवशी ती घळाघळा रडली. "मुकादम खरं बोलला हो," ती म्हणाली.

"अगं, घरात कोंडून राहिलीस तर तो आणखी खरा होईल," नवरा म्हणाला. "जा, सांगून मोकळी हो. तोवर मी हे सगळं उपटून टाकतो."

मावशी कबूल झाली. हरायचं तर पुराव्यासकट, म्हणून तिने फावड्याने मातीचा एक गड्डा सुक्या पातीसह उचलला, पत्र्याच्या ताटात ठेवला आणि गोदाम गाठून तो टेबलावर मांडला.

"मेले," ती म्हणाली. "तुम्ही जिंकलात."

गोदामात कोणी हसलं नाही. मुकादम तर ओशाळला. "जाऊ द्या हो मावशी, मी आपलं बोलण्याच्या भरात..." म्हणत ते दुःख नजरेआड करावं म्हणून त्याने सुकी पात धरली आणि गड्डा उचलला. माती भसकन खाली पडली. पातीला, एकमेकांना बिलगून, लालसर कांदे लटकत होते. आठ!

"लावला होता एकच!" मावशी ओरडली. "अहो, एकच लावला होता!"

गोदामात एकच गलका झाला. मुकादमाने शब्द पाळला. एक कांदा सोलला आणि दाताखाली धरला. ताजा रस नाकात गेला मात्र, गड्याचे डोळे वाहायला लागले. त्या वासाने आजूबाजूच्या बायकाही डोळे पुसायला लागल्या. जहाजातल्या वाळक्या कांद्याने त्यांना असं कधी रडवलं नव्हतं. मावशी हसत होती, रडत होती, आणि मध्येच किंचाळली, "अगं बाई! घरी हे सगळं उपटून टाकतायत!"

अर्धं गोदाम तिच्यामागे धावलं. परसात नवरा वाफ्यात फतकल मारून बसला होता. ड्रायव्हरची जुनी टोपी कांद्यांनी भरून वाहत होती. डोळे लालबुंद.

"रडलो नाही," तो म्हणाला. "एक सोलून बघितला."

"मीही," मुकादम नाक ओढत म्हणाला.

मावशीने तिथेच सगळ्यांना एकेक कांदा वाटला, खायला नव्हे, लावायला. जहाजं आजही येतात. एवढ्या मोठ्या देशाचं पोट काही परसातल्या वाफ्यावर भरत नाही. पण मुकादमाच्या खिडकीत आता फुटक्या बादलीत पात डुलते, आणि ती पिवळी होऊन आडवी पडली की तो कुणालातरी मावशीकडे पिटाळतो. निरोप दरवेळी तोच असतो: "माझे मेले! लवकर या!"