तिनं लिहिलेलं माझं पत्र

आमच्या कॉलेजात शिफारसपत्राची एक रीत आहे. पत्र विद्यार्थ्यानं स्वतःच लिहून आणायचं, आम्ही सही ठोकायची. मुलं स्वतःला हुशार, होतकरू, आज्ञाधारक म्हणवून घेतात आणि आम्ही न वाचता सही करतो. इंग्रजी शिकवताना मीही वीस वर्षं हेच केलं, वर प्रामाणिकपणावर व्याख्यानंही दिली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

परवा तिसऱ्या वर्षाची एक मुलगी असंच पत्र घेऊन आली. तिला एम.ए.साठी पुण्याला जायचं होतं आणि दोन दिवसांत पत्र पोचलं नसतं तर प्रवेश हुकला असता. सही करता करता माझी नजर पहिल्या ओळीवर अडकली.

'मी या विद्यार्थिनीला फारसं ओळखत नाही. तीन वर्षं ती माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली, पण मी तिला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. ती बोलायला घाबरते. सांगितलेलं पुस्तक मात्र वाचतेच.'

मला राग आला, खरं सांगते. "असलं कुणी लिहितं का? कोण घेईल तुला?"

"मॅडम, फॉर्मवर कँडिड मत द्या म्हणलंय की," ती हळूच म्हणाली. "त्याचा अर्थ तुमीच सांगितला होता."

सांगितला होता खरा. दरवर्षी सांगते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांढराशुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे लोक वस्त्राला खडू चोळून ते आणखी पांढरं करत, म्हणून उमेदवार तो कँडिडेट. पुढं पांढऱ्याचं झालं निर्मळ, आणि निर्मळ म्हणजे मनात काही न ठेवता बोलणारा. मुलं खडूला हसतात आणि मी पुढच्या शब्दाकडे वळते.

"माझी आई टॉवेलच्या कारखान्यात माल तपासते," ती म्हणाली. "रंगीत टॉवेलात डाग लपतो, पांढऱ्यात न्हाय लपत. तुमी सांगितलं तवा मला लगेच कळलं."

मला नव्हतं कळलं. वीस वर्षं सह्या करून मी मुलांना नुसता खडू चोळत होते. फार लाज वाटली.

तिला बसवलं, नाव विचारलं. तासभर बोललो. मग आयुष्यात पहिल्यांदा शिफारसपत्र मी स्वतः लिहिलं. तिनं काय वाचलंय, त्यावर ती काय विचार करते, सगळं लिहिलं. 'विद्यार्थ्याला कितपत ओळखता' या प्रश्नापुढं तिचीच वाक्यं ठेवली आणि खाली एक ओळ वाढवली, की यात दोष तिचा नाही, माझा आहे.

"मॅडम, एवढं खोडा की," ती म्हणाली. "तुमचं नाव खराब व्हईल."

"राहू दे," म्हटलं आणि सही केली.

महिन्याभरानं तिचा फोन आला, प्रवेश मिळाल्याचं सांगायला. तिनं काही बोलायच्या आत मी तिला नावानं हाक मारली.