पडद्यावरचे मामा

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात लंडनजवळच्या आमच्या स्लाऊच्या मामांइतका वेळ उभा राहिलेला माणूस अख्ख्या इंग्लंडात सापडणार नाही. हे माझ्या बायकोचे मामा. गोदामातून निवृत्त झाल्यावर ते सिनेमात एक्स्ट्रा म्हणून जाऊ लागले. राणीच्या काळावर इथे सिनेमे निघतच असतात, आणि जेवणाच्या टेबलामागे फेटेवाला हिंदी नोकर उभा केल्याशिवाय साम्राज्य पुरं वाटत नाही. मामांनी तो काळ इतका मनावर घेतला की घरीसुद्धा ते एक हात पाठीमागे ठेवून चहा आणून देत आणि आपण पहिला घोट घेईपर्यंत हलत नसत. मी एकदा म्हटलं, "मामा, या सिनेमांतल्या लंडनमध्ये ना धूर, ना चिखल. रुमालसुद्धा मळत नाही कुणाचा." ते गंभीरपणे म्हणाले, "अहो जावईबापू, घोडे खरे असतात. लीद पडते. पण ती उचलायला वेगळा माणूस ठेवलाय." थोडक्यात, सेटवरची एकमेव अस्सल गोष्ट शॉटच्या आधी उचलली जात होती.

पाच सिनेमे झाले. डीव्हीडी थांबवून थांबवून पाहिल्या, तरी मामांची फक्त पाठ दिसे. "पाठ मी लग्नापासून बघतेय," मामी म्हणत, "त्याला डीव्हीडी कशाला?" मामा हसत, पण मामींना एकदा तरी पडद्यावर आपला चेहरा दाखवायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती.

सहाव्या सिनेमात योग आला. कॅमेरा समोर. मामांनी उमरावाच्या बायकोपुढे बटाट्यांचं ताट धरायचं, तिने मानेनेच नको म्हणायचं, आणि यांनी नजर खाली घालून मागे सरायचं. तिने नको म्हटलं. मामांनी वाकून बटाटा वाढला आणि ते शुद्ध मराठीत म्हणाले, "घ्या हो, एकाने काय होतंय?"

दिग्दर्शकाने समजावलं, संयम हेच त्या युगाचं मूल्य होतं. मामांनी मान डोलावली आणि पुढच्या दोन्ही वेळा पुन्हा वाढलं. "ती पोरगी सकाळपासून उपाशी होती हो," ते मला म्हणाले. "आणि पहिल्यांदा नको तर सगळेच म्हणतात!"

सिनेमा लागला तेव्हा आम्ही चौघं गेलो. पडद्यावर पांढरा हातमोजा घातलेला एक हात आला, ताटासकट क्षणभर घुटमळला आणि गेला. चेहरा नव्हताच. मामा खाली बघत राहिले. अंधारात मामी हळूच म्हणाल्या, "हेच ते. नको म्हटल्यावर इतका वेळ दुसरं कोण थांबतंय?"

त्यानंतर मामांना कुणी बोलावलं नाही. आता असा सिनेमा लागला की त्या चकचकीत, अबोल टेबलांवर मी नोकरांचे हातच बघत बसतो. सगळे अगदी वेळेवर मागे सरतात.