भाटकाराचे चोंदलेले नाक

धारगळला हमरस्त्याच्या वळणावर पद्मावतीकाकीची पिठाची गिरण आहे. श्रावणात तिथे दोन रांगा लागतात. श्रावण पाळणाऱ्यांची सकाळी, मासे खाणाऱ्यांची बारा नंतर. असा नियम दुसऱ्या कुठल्या गिरणीत नाही आणि देवळातसुद्धा नाही. सकाळच्या रांगेत यायचे तर डबा खाली ठेवून उजवा हात पुढे करायचा. काकी तुमची बोटे स्वतःच्या नाकाशी नेते, डोळे मिटते, आणि मागचे सगळे देवाने कौल द्यावा तसे तिच्या तोंडाकडे बघत राहतात. मग ती एकतर म्हणते "ओत", नाहीतर म्हणते "बारा नंतर". हे दुसरे ती नाकातून म्हणते, मान वळवून, समोर कुजका फणस फोडल्यासारखे.

नाक मात्र खरे. सदाशिव टिप्परवाला मूळचा सावंतवाडीकडचा, डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवतो. एकदा तो दोनदा साबण लावून, वर तेल चोपडून सकाळच्या रांगेत शिरला. काकीने हात हुंगला.

"साबणाच्या खाली तेल, तेलाच्या खाली बांगडो. कालचो नाय, आजचो."

"आवशीक खाव! काकी, तुका पोलिसात घेवक व्हया!"

"पोलीस बारा नंतर घेतत. तू पण जा."

काकी नार्व्याची. अठराव्या वर्षी लग्न होऊन धारगळला आली. नवऱ्याने गिरण घातली आणि नऊ वर्षांपूर्वी तो गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हिने मोटर चालू केली. गिरणीच्या दगडांना टाकी मारायला म्हापशाहून माणूस यायचा, तोही बंद केला. स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन बसली. तेव्हा गावातल्या सोवळ्या बायका काय म्हणाल्या ते आजही त्यांच्याच आवाजात सांगता येते. "दळता ती बरां, पूण चवथीच्या नेवऱ्यांचां पीठ विधवेच्या हातचां? बाई गो!" दोन गणेशचतुर्थींना त्या करंज्यांच्या दळणाचे डबे डोक्यावर घेऊन पेडण्यापर्यंत गेल्या, पाय दुखले, परत आल्या. आणि परत आल्या तेव्हा काकीने हा नाकाचा नियम काढला होता. आता त्याच बायका हात पुढे करून उभ्या राहतात, आणि काकी "ओत" म्हणेपर्यंत त्यांचा जीव खालीवर होतो. तेव्हापासून ती याच जोरावर जगली. हे कळायला मोठी अक्कल लागत नाही, म्हणूनच ते शिवदास मास्तरांना कळले नसावे.

शिवदास मास्तर कुत्र्यालाही छापील मराठीत हाकलतात. "अरे, दूर हो पाहू!" लहानपणी त्यांच्या घशात काटा अडकला होता, तेव्हापासून ते मासे खात नाहीत. पण रांगेत उभे राहतात ते जन्माचे तपस्वी असल्यासारखे. यंदा श्रावण अधिक, म्हणजे एकापाठोपाठ दोन श्रावण. निम्मा गाव म्हणत होता की व्रत खऱ्या श्रावणाचे, हा अधिकचा मोजायचा नाही. मास्तरांनी घसा साफ केला. "अधिक मास हा पुरुषोत्तम मास होय. त्यातील संयमाचे फळ द्विगुणित होते." काकीने लगेच खडूने दारावर लिहिले, दोन्ही पाळायचे. धारगळच्या तोंडचा मासा साठ दिवसांसाठी गेला.

त्यात हे राजभाषेचे भांडण. रांगेत रोज खडाजंगी. एक म्हणतो कोंकणी, दुसरा म्हणतो मराठी, आणि दोघेही एकमेकांना शिव्या घालतात त्या एकाच भाषेत. एका सकाळी काकीने मोटर थांबवली. "तांदूळ खंयच्या भाषेत दळू तां ठरवा. तवसर गप ऱ्हवा." मग मोटर पुन्हा चालू झाली आणि पुढचा अर्धा तास नुसता पट्ट्याचा आवाज.

अधिक श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात पार्वतीचे झाले. पार्वती शेताच्या कडेला राहते, बाजारात सुके मासे विकते, म्हणजे धंद्यानेच बारा नंतरची. पण त्या दिवशी तिचा जावई जेवायला यायचा होता आणि पोळ्यांना पीठ नव्हते. ती भल्या सकाळी आली. हात चांगला चोळून धुतलेला. काकीने हुंगला आणि मान वळवली.

"मी खाल्लां नाय गो, पद्मा," पार्वती हळू म्हणाली. "मांजराक घातलां. तेचो वास."

"मांजराक घाल नाय तर माडाक घाल. वास तो वास. बारा नंतर."

"जावय येता गो."

"जावय पण बारा नंतर."

रांग हसली. मास्तर सर्वांत मोठ्याने हसले, पण छापील. पार्वती पत्र्याच्या पडवीत डबा पायाशी ठेवून बारा वाजेपर्यंत उभी राहिली. जावयाने पोळ्यांऐवजी पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, उंडे खाल्ले आणि ते सगळ्या वाड्यात सांगितले.

आणि वर काकी काय म्हणाली, तर, "माझो भाटकार बघा. मांजर असून श्रावण पाळता. आणि तुमी माणसां!"

भाटकार हा काकीचा बोका. वय वर्षे सोळा. नाव तिच्या नवऱ्याने ठेवलेले. दिवसभर लोकांच्या पोत्यांवर डोळे मिटून पडायचे, काम शून्य, आणि तोंड असे की प्रत्येक पोत्यात आपला वाटा आहेच. गावातले खरे भाटकार, म्हणजे जमीनदार, याहून फार वेगळे करत नाहीत. उंदीर पकडणे त्याने बहुधा त्याच्या तरुणपणीच सोडले असावे. रंग पांढरा. श्रावणात त्याला दूधभात, आणि काकी तो वाडगा दारातच ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला शरम वाटावी म्हणून. वाडगा संध्याकाळी रिकामा असायचा. शेजारची कोंबडी मात्र श्रावणात फार लठ्ठ व्हायची, हे कोणी जोडून पाहिले नाही.

अधिक महिना अर्धा झाला आणि भाटकार शिंकायला लागला. पहिल्या दिवशी रांगेने ऐकून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे चिकटले, नाकातून घट्ट पाणी, तोंडाने श्वास. तिसऱ्या दिवशी तो पोत्यावर चढला नाही, मोटरच्या मागे जाऊन बसला. वाडग्याकडे बघेनासुद्धा. आता सल्ले सुरू झाले. एक म्हणाली दृष्ट काढ. दुसरी म्हणाली कापराची धुरी दे. मास्तर म्हणाले, "वृद्धत्व हा निसर्गक्रम आहे, वहिनी." काकीने त्यांच्याकडे बघितले. "मास्तर, तुमचीय साठी झाली. थंय बसून ऱ्हावा आणि तुमचो क्रम येयसर गप आसा."

गुरांचा डॉक्टर बुधवारी येतो. घाटावरचा आहे, हात कोपरापर्यंत म्हशीत घालायची सवय. "अवो मावशी, मी म्हशीचा डॉक्टर. एवढंसं जनावर माझ्या हातात सापडायचं कसं?" पण त्याने बोका मांडीवर घेतला, कोमट मिठाच्या पाण्यात फडके बुडवून नाक, डोळे, डोके पुसले, आणि रांगेतून एकदम "आगे!" असा आवाज आला. भाटकार तांबडा निघाला. सोळा वर्षांचे पीठ उतरले आणि खाली चक्क तांबडा बोका. मास्तर त्याला गेल्या वर्षीच निबंधात 'शुभ्र मार्जार' म्हणून बसले होते.

डॉक्टरने सुई टोचली. "छातीत काय नाय. नाक चोंदलंय. मांजर तोंडानं जेवत नाय, नाकानं जेवतंय. वास आला तर खाईल, नायतर उपाशी मरंल. दूधभाताला काय वास? सुका बांगडा भाजून द्या, चांगला उग्र."

"श्रावण आसा," काकी म्हणाली.

"मांजराला कसला वो श्रावण?"

"माझ्या मांजराक आसा."

डॉक्टरने पिशवी उचलली. "मग पाळा. अजून तीन दिवस पाळंल त्यो. चौथ्या दिवशी माझं काम नाय, फावड्याचं."

पुढचे दोन दिवस काकीने हिंगाची फोडणी करून पेजेवर ओतली. तूप कढवून नाकापुढे धरले. आंबाड्याचे लोणचे दाखवले. दर दोन तासांनी मिठाच्या पाण्याने नाक पुसायचे, कापसाने डोळे उघडायचे, चमच्याने घोटभर पेज गालात सोडायची. ती हनुवटीवरून परत खाली. भाटकार फडक्यावर पडून होता, आणि उचलला तर ओल्या पिशवीसारखा दोन्हीकडून लोंबायचा. काकीचे हुंगणेही बिघडले. तिने एका बाईला "ओत" म्हटले, तिच्या हाताला शेपूमेथीचा नाही, सरळ सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, वास होता. रांगेने एकमेकांकडे बघितले आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोघी तसल्याच आल्या. लोक असे.

तिसऱ्या सकाळी रांग भरलेली असताना काकीने मोटर बंद केली. हात पदराला पुसले आणि ती चालू लागली. मागच्या पाणंदीने नाही, समोरून, हमरस्ता ओलांडून, मान ताठ, सरळ पार्वतीच्या दारात. गिरणीच्या पडवीतून ते दार दिसते. ऐकूही येते, कारण पार्वती बाजारात बोलते त्याच आवाजात घरातही बोलते.

"बांगडो व्हयो," काकी म्हणाली. "सुको. एक."

पार्वतीने कारण विचारले नाही. ती आत गेली, मडक्यावरचे फडके सोडले आणि बांगडा घेऊन आली. मग काकीच्या देखत त्याचे डोके मोडले आणि शेपटीकडचा कडक भाग काढून टाकला.

"तेका डोक्यां नाय आवडत. आणि मीठ झाडून घे, खारट लागलां की तोंड वळवता."

काकीने बांगडा हातात घेतला. मग हळू, "तुका कसां म्हायत?"

"सोळा वर्सां माका म्हायत आसा."

"श्रावणात?"

"श्रावणात रोज. बाकीच्या दिसांनी सवड मिळात तसो."

"म्हणजे त्या दिसा तुझ्या हाताक..."

"माझ्या घरात खंयचां मांजर गो, पद्मा?"

पडवीत कोणी हसले नाही. हसायचे होते सगळ्यांना, पण काकी परत येत होती आणि तिच्या हातात बांगडा होता. मागून पार्वती, चार सुक्या करवंट्या घेऊन.

काकीने गिरणीच्या अंगणात, रांगेच्या पुढ्यात तीन दगड मांडले. आडोसाही केला नाही. करवंट्या पेटल्या, बांगडा निखाऱ्यावर गेला, आणि जो वास सुटला तो धारगळच्या वळणावर थांबलेल्या बसमधल्या लोकांनीसुद्धा खिडकीतून तोंड काढून घेतला. रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. त्यातल्या निम्म्यांनी पदराच्या आतून लांब श्वास ओढला, ते लपत नाही. भाटकाराला फडक्यासकट आणून जवळ ठेवला. काही नाही. काकीने कुसकरलेला तुकडा त्याच्या नाकाला टेकवला, अगदी चिकटवला. त्याने डोके मागे घेतले. मग नाकपुडी एकदा हलली. मग जीभ आली, नाकावरचे चाटून गेली, आणि थांबली, ओळखीचा माणूस दिसल्यासारखी. तो खायला लागला. दातांनी नाही, दात त्याला चारच आहेत. हिरड्यांनी, आवाज करत, लाज न बाळगता. काकीने दुसरा घास केला, तिसरा केला. तिची पाचही बोटे तेलकट काळी झाली.

"झालां," पार्वती म्हणाली. "आता मरत नाय तो."

काकी उठली आणि मोटरकडे बघत उभी राहिली. दळण काढायला हात लागतो. हात हा असा.

पहिले मास्तर पुढे सरले. डबा त्यांचाच पहिला होता. "वहिनी, संकोच नको. हे औषध होय. औषधास दोष नाही. आपण हस्तप्रक्षालन करावे आणि..."

"पार्वतीक तुमी हां सांगलां नाय त्या दिसा."

"तो प्रसंग भिन्न."

"प्रसंग तोच, मास्तर. मांजर पण तांच." तिने खडू घेतला, दारावरचे 'दोन्ही पाळायचे' पुसले आणि गिरणीला कडी घातली. "आज गिरण बारा नंतर. उद्या बारा नंतर. भाटकार आपणहून पोत्यार चढासर बारा नंतर. कोणाक सोवळां पीठ व्हया तर पेडण्याची वाट म्हायत आसा तुमका, पूर्वी गेल्ल्यात."

दोघीतिघी तणतणत निघाल्या. पुढच्या वळणापर्यंत गेल्या, ऊन बघितले, परत आल्या. बारा वाजता सदाशिवाचा टिप्पर थांबला, तर रांगेत त्याच्या मागे शिवदास मास्तर. सदाशिवाला अंगावर शाल पडल्यासारखे झाले. "या मास्तर, या! काल काय खाल्लां? सांगा, लाजा नको!" मास्तर म्हणाले, "अरे, दूर हो पाहू."

अकरा दिवस हे असे चालले. रोज सकाळी बंद गिरणीच्या अंगणात एक बांगडा भाजला जायचा. अकराव्या दिवशी भाटकार मास्तरांच्याच पोत्यावर चढला, डोळे मिटले आणि शिंकला. अंगावर पुन्हा पीठ बसत होते, पण कान तांबडे राहिले होते. सकाळची रांग आता लागू शकत होती. बायका आशेने डबे सरसावून उभ्या राहिल्या, हातही पुढे केले, सवयीने.

काकीने कोणाचा हात धरला नाही. ती पडवीत गेली. तिथे पार्वती डबा घेऊन बसली होती, बारा वाजायची वाट बघत. काकीने तिच्यापुढे आपला उजवा हात धरला, पालथा नव्हे, उताणा.

पार्वतीने ती बोटे नाकाशी नेली. डोळे मिटले. वेळ घेतला, भरपूर, जावयाच्या पोळ्यांइतका.

"बांगडो बरो," ती म्हणाली. "पूण रोज करपयता गो तू. आच बारीक ठेव."

मग तिने डबा उचलला, आणि काकी म्हणाली, "ओत."